ऊठबस

हसनाबादच्या आसरुअण्णांना फोन आला की ते आधी उभे राहायचे आणि मग बोलायचे. फोन कुणाचाही असो, खतवाल्याचा असो नाही तर चुकून लागलेला असो. मेव्हण्याचा असला तर उभं राहून डोक्यावरची टोपीही सारखी करायचे. मी एकदा न राहवून विचारलं, "अहो अण्णा, त्यांना काय दिसतंय का तुम्ही बसलाय की उभे आहात ते?" अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं, की ही बाई शाळेत पोरांना काय शिकवत असेल देव जाणे. म्हणाले, "त्याह्यला दिसत न्हाई. पन मला तर दिसून राह्यलं ना!"

मी हसनाबादच्या शाळेत बदलून आले तेव्हा खोली शोधत त्यांच्या दारात गेले होते. रस्त्याकडेचं साधं स्लॅबचं घर, पुढं पत्र्याची वसरी, वसरीत खाट. खाटेवर अण्णा शेंगा फोडत बसलेले. मला बघताच मांडीवरची सगळी टरफलं सांडत ते ताडकन उभे राहिले. मी म्हटलं, "बसा, बसा." ते म्हणाले, "आधी तुमी बसा." मी म्हटलं, "नको, मी नुसतं खोलीचं विचारायला आलेय." ते उभेच. आता माझाही स्वभाव असा की समोरच्यानं हट्ट धरला की मला दुप्पट चढतो. आम्ही दोघं समोरासमोर खांबासारखे उभे. शेवटी आतून त्यांच्या मालकिणीचा, गिरजाकाकूंचा आवाज आला, "ओ बाई, बसा ना जरा! तुमी बसल्याबिगर हे बसत न्हाईत, आन हे उभे दिसले की मला वाटतं पाहुणे निघाले. चहा ठिवू का नको ते तरी कळू द्या!" मी बसले. अण्णा बसले. चहा आला, आणि पुढं कितीतरी वर्षं मी त्याच घराच्या रस्त्याकडच्या खोलीत भाड्यानं राहिले.

पाहुण्याच्या आदरसत्काराला आपण ऊठबस म्हणतो. हा शब्द मी वर्गात कित्येकदा फळ्यावर लिहिला असेल, वाक्यात उपयोग करून घेतला असेल. पण त्यातलं 'ऊठ' कशासाठी आहे ते अण्णांकडे बघून मला कळलं. बाकी ठिकाणी नुसती बस असते. "या, बसा," म्हणणारा स्वतः लोळतच असतो आणि टीव्हीवरची नजर काढत नाही. अण्णा दूधवाल्यासाठी उठायचे, मीटर बघायला येणाऱ्या पोरासाठी उठायचे, भांडायला आलेल्या शेजाऱ्यासाठीही उठायचे. मग तो शेजारी बिचारा बसायचा, चहा प्यायचा, आणि कशासाठी आलो होतो ते आठवत आठवत घरी जायचा. गल्लीतल्या रहीमचाचांची गंमत तर विचारूच नका. चाचांच्या घरची रीत अशी की यजमान बसल्याशिवाय पाहुण्यानं बसायचं नाही. अण्णांची रीत अशी की पाहुणा बसल्याशिवाय यजमानानं बसायचं नाही. दोघं उभ्या उभ्या कापसाचा भाव, पोरांची लग्नं, गुडघेदुखी असं सगळं बोलायचे आणि उभ्या उभ्याच एकमेकांचा निरोप घ्यायचे. खाट रिकामीच.

आणि अशा माणसाचा पाय गेला.

शुगर होती. शेतात बाभळीचा काटा बोटात रुतला तो कळलाच नाही, कारण त्या पायाला कळायचंच बंद झालेलं. कळलं तोवर पाय काळा पडला होता. जालन्याला नेलं, डॉक्टरांनी गुडघ्याखालून काढला. मला फार राग आला होता, त्या काट्याचा, शुगरचा, आणि "काय न्हाई, जरासं सुजलंय" म्हणत हळद लावत बसणाऱ्या अण्णांचाही. त्यांना घरी आणलं तो दिवस मला आठवतो. जीपमधून उतरवून चौघांनी खुर्चीसकट उचलून आत नेलं. दारात गाव जमलेलं. अण्णा दोन्ही हात जोडून प्रत्येकाला म्हणत होते, "उठत न्हाई बरं का, माफी असावी. उठत न्हाई." पायाबद्दल एक अक्षर नाही. मी खोलीत जाऊन दार लावलं आणि पोटभर रडून घेतलं.

पण दुःख करत बसायला त्या घरात सवड कुणाला होती? माणूस आजारी पडला की आपल्याकडे भेटायला रांग लागते, आणि आलेल्या प्रत्येकासाठी अण्णांचं अंग आपसूक वर जायचं. पाय नाही हे नंतर लक्षात यायचं. दूधवाल्यासाठी उठायला गेले आणि खाटेवरून थेट त्याच्या किटलीवर कोसळले. दूधवाला इतका घाबरला की दुसऱ्या दिवसापासून दूध खिडकीतून द्यायला लागला. काकूंनी मग नियमच केला. भेटायला कुणी आलं की त्या रस्त्यातच गाठायच्या आणि सांगायच्या, "आत्ता नका येऊ. ते झोपले की या भेटायला!" आणि लोक खरंच यायचे. अण्णा घोरताहेत, भोवती चार माणसं गप्प बसून त्यांना भेटताहेत, काकू खुणेनं चहा देताहेत, असा तो कार्यक्रम चालायचा.

अण्णांची लेक शीतल मात्र डोकेबाज. बी.ए. झालेली, हातात मोबाईल, आणि घरात काही अडलं की आधी व्हिडिओ बघायची. तिनं खाटेच्या पायांखाली विटा दिल्या. उंच खाटेवरून उठायला कमी जोर लागतो म्हणे. वसरीच्या पत्र्याखालच्या लोखंडी अँगलला दोर बांधून त्याला धरायला गाठी मारल्या. अण्णा दोराकडे बघून म्हणाले, "हे दावं कामून बांधलं? मी कुटं पळून चाललो?" न्हाणीत आणि संडासात तिनं बोअरच्या पाइपाचे तुकडे भिंतीत सिमेंटनं पक्के करून घेतले. आणि जालन्याच्या एका शिबिरातून दोन वस्तू आणल्या. एक वॉकर आणि दुसरी खुर्ची.

वॉकर बघून अण्णांनी चौकशी केली, "ह्याला चाकं न्हाईत?"

"न्हाई."

"मोटार?"

"न्हाई, अण्णा."

"मंग हे चालतं कसं?"

"तुमी चालवायचं."

"मला चालता येत असतं तर ह्याला कशाला आनलं असतं?" असं म्हणून त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तेव्हा ते खाटेवर बसून एका हातानं त्या वॉकरचा दांडा चाचपून बघत होते, नवीन जनावराच्या पाठीवर हात फिरवावा तसा. त्याचं नाव त्यांनी घोडं ठेवलं. "घोडं कुटं गेलं? आना माझं घोडं," असं घरात सुरू झालं.

खुर्चीची मात्र कथाच वेगळी. ती होती संडासाची खुर्ची. मधे भोक, त्याखाली अडकवायचं भांडं, वर झाकायला गुबगुबीत गादी. सकाळी संडासातल्या भांड्यावर सरळ ठेवली की पाय नसलेल्या माणसाला उकिडवं बसायची गरज नाही. अण्णांचं काम सोपं झालं. पण काकूंच्या जिवाला ते बघवेना. चकाकणारे दांडे, दोन्हीकडे हात, पाठ टेकायला जागा, अशी खुर्ची त्यांच्या घरात कधी आली नव्हती आणि ती दिवसभर संडासात? काकूंनी तिच्या दोन पाळ्या लावल्या. सकाळी मागं. मग फिनाईलनं स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून, गादी लावून, वर विणकामाचा रुमाल घालून दिवसभर वसरीत. खालचं भांडं तर वापरायची वेळच आली नव्हती, त्यात त्यांनी तुळस लावली. मी म्हटलं, "काकू, अहो कुणी बसलं तर?" त्या म्हणाल्या, "धुतलेली हाय. तुमच्या शाळेतल्या खुर्च्या कदी धुतल्या कोनी?"

आता होणारं टळतं का? उन्हाळ्यात शीतलला बघायला परतूरची मंडळी यायची ठरली. मुलगा जालन्याला बियाण्याच्या कंपनीत, वडील बाबाराव परतूरच्या मोंढ्यातले धान्याचे व्यापारी. ऐसपैस देह, फेटा, मिशा. दुपारी येतो म्हणाले आणि सकाळीच हजर. काकूंची तारांबळ. आल्या आल्या पाहुण्यांना पांगुळपणाची वस्तू दिसायला नको म्हणून त्यांनी आधी काय केलं असेल, तर घोडं उचलून दाराआड लपवलं. खुर्चीकडे लक्षच नाही. आणि शीतलचे मामा, जे आदल्या दिवशीच गावाहून आलेले आणि ज्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, त्यांनी वसरीतली सगळ्यात भारी खुर्ची पुढं ओढली, रुमाल झटकला आणि म्हणाले, "या पाव्हनं, हितं बसा!"

मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी होते. ट्रे माझ्या हातातून पडायचाच बाकी राहिला.

अण्णा खाटेवर. समोर लेकीचा होणारा सासरा उभा. त्यांचं अंग वर गेलं, हात घोड्याकडे गेला, घोडं जागेवर नाही. ते पुन्हा खाली बसले. चेहरा लालबुंद. "तिथं नका बसू," ते कसंबसं म्हणाले, "हिकडं या, खाटंवर या."

"नको हो, तुमी आराम करा," बाबाराव म्हणाले आणि बसले. खुर्चीच्या हातांवर हात ठेवले, मागं टेकले. "बिलकुल अवघडल्यासारखं होत न्हाई बघा हिच्यात. न्हाईतर माझ्या मापाची खुर्ची कुटं भेटती? कुटून आनली, भोकरदनहून का?"

"जालन्याहून," अण्णा म्हणाले आणि डोळे मिटले.

काकू आत पदर तोंडात कोंबून बसलेल्या. बाबारावांनी त्या खुर्चीत बसून पोहे खाल्ले, पुन्हा मागून घेतले, चहा प्यायले, मुलगी पसंत केली, आणि लग्न दिवाळीनंतर धरायचं असंही तिथंच ठरलं.

पाहुणे गेल्यावर मी, शीतल आणि काकू इतक्या हसलो, इतक्या हसलो की पोटात दुखायला लागलं. अण्णा हसले नाहीत. संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तर मला म्हणाले, "बाई, खुर्चीचं सोडा. ते होऊन गेलं. पन लेकीचा सासरा दारात आल्ता, आन मी खाटंवर बसून राह्यलो. आजपरेंत असं कदी झालं न्हाई. पोरगी त्याह्यच्या घरी जाऊन जल्मभर नांदनार, आन तिचा बाप उठला बी न्हाई. काय म्हनले असतील?"

"काही म्हणाले नाहीत. पोहे चांगले झाले म्हणाले."

"व्याहीभेटीला मी उभा राह्यनार," अण्णा म्हणाले. "दोन पायावर. कोनाचा हात धरनार न्हाई."

व्याहीभेट म्हणजे लग्न लागायच्या आधी मांडवात दोन्ही बाप समोरासमोर उभे राहतात, गंध लावतात, टॉवेल-टोपी देतात आणि गळाभेट घेतात. सगळं गाव बघत असतं. मी विचारलं, "दोन पाय आणणार कुठून, अण्णा?"

"जालन्याहून," ते म्हणाले. "खुर्ची आनली तसाच."

आणि आणला की हो! जखम पूर्ण भरल्यावर जालन्याला चकरा सुरू झाल्या. गुडघ्याखाली उरलेल्या तुकड्याचं प्लास्टरमध्ये माप घेतलं, त्यावरून नकली पाय बनला. तिथं व्यायाम शिकवणारी एक ताई होती, चांगली खडूस. माझ्यासारखीच म्हणा ना. तिनं अण्णांना पहिल्यांदा उठायला शिकवलं. म्हणजे विचार करा, ज्या माणसानं आयुष्यभर उठण्याशिवाय दुसरं काही केलं नाही, त्याला! "बाबा, घोडं ओढून उठायचं नाही, ते अंगावर येईल. आधी कडेला सरका. पाय मागं. हात खाली दाबा. आणि नाक पुढं! नाक पायाच्या पुढं गेलं की बूड आपोआप वर येतं." अण्णांना हे इतकं पटलं की ते येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायला लागले. "आपन आजपरेंत उठून राह्यलो, पन कसं उठतो कदी बघितलं का? सगळा खेळ नाकाचा हाय." गल्ली ती कसली, तिला असलं काही मिळालं की झालं. वसरीतून अण्णा उठायला लागले की समोरच्या दुकानातून, पिठाच्या गिरणीतून, रहीमचाचांच्या कट्ट्यावरून एकच आरोळी यायची, "अण्णा, नाक फुडं!"

मग भांडण लागलं बुटाचं. नकली पायाला बूट लागतोच, आणि एका पायात बूट असला तर दुसऱ्यातही हवा, नाहीतर एक बाजू खाली जाते. आणि काकूंच्या घरात चप्पल घालून उंबरा ओलांडायची कुणाची छाती नव्हती. "पाय नकली असंल, बूट तर खरा हाय ना?" असं काकूंचं म्हणणं. अण्णा म्हणायचे, "अगं, मंग मी उंबऱ्यात पाय काढून ठिवून रांगत यिऊ का?" शेवटी शीतलनं नवीन बुटांचा जोड आणला, तो खोक्यातून थेट घरात काढला आणि जाहीर केलं की हा जोड बाहेरची माती कधी बघणार नाही, हा घरातलाच. काकूंनी त्या बुटांना हळदकुंकू लावलं तेव्हा कुठं ते आत आले.

पोळ्याला तर अण्णांनी कहर केला. बैल त्यांनी आजारपणातच विकले होते. पण पोळ्याच्या सकाळी मी बाहेर आले तर वसरीत घोडं सजलेलं. दांड्यांना बेगड, चारही पायांना गोंडे, मधे घुंगरांची माळ, वरच्या आडव्या नळीला लाल रंग. काकू कपाळाला हात लावून बसलेल्या. मी म्हटलं, "अण्णा, पोळा जनावरांचा असतो." ते म्हणाले, "मंग हे काय मानूस हाय? सालभर मला वढून राह्यलं. आज त्याला सुट्टी." आणि खरोखर त्या दिवशी त्यांनी त्याला हात लावला नाही. पुरणाचा घास मात्र दांड्याला लावला. मुंग्या पुढं आठवडाभर येत होत्या.

मधेच एक दिवस परतूरहून फोन आला. अण्णा नाक पुढं करून, घोडं धरून, रीतसर उभे राहिले आणि मग शीतलनं फोन त्यांच्या कानाला लावला. बाबाराव बोलत होते. आवाज असा की मला खोलीत ऐकू येत होतं. "अण्णा, आमच्या म्हातारीला खुर्ची घ्यायला जालन्यात दुकानात गेल्तो. दुकानदारानं दाखवली. म्या म्हनलं, अरे, ही तर आपल्या व्याह्याकडली, लई झकास हाय. मंग त्यानं गादी उचलून दाखवली."

अण्णांचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी घोडं असं गच्च आवळलं की पोळ्याची घुंगरं वाजली. आणि फोनमधून हसण्याचा असा गडगडाट आला की काकू स्वयंपाकघरातून धावत आल्या. "आता सोयरीक तिच्यावर बसूनच जमली म्हनल्यावर," बाबाराव खोकत खोकत म्हणत होते, "मला काय मोडता यीना बाप्पा!" त्या दिवशी अण्णा पहिल्यांदा त्या खुर्चीच्या गोष्टीला हसले. हसता हसता म्हणाले, "मानूस लाखाचा हाय. त्याच्यासाठी तर उठाच लागंल."

दिवाळी झाली, लग्न जवळ आलं, आणि नेमकं तेव्हाच नकली पायाच्या कडेनं घासून फोड आला. शुगरच्या माणसाला फोड म्हणजे काय ते सांगायला नको. जालन्याच्या ताईनं पाय काढून ठेवायला सांगितला. जखम सुकेपर्यंत बिलकुल घालायचा नाही, आणि सुकेल कधी ते सांगता येत नाही. पाय कोपऱ्यात बुटासकट उभा, आणि अण्णा खाटेवर आडवे. दारी मांडवाचे बांबू पडताहेत, काकू पापड मोजताहेत, आणि हा माणूस भिंतीकडे तोंड करून. जेवण अर्धं. मी जवळ बसले तर म्हणाले, "बाई, समजा न्हाई जमलं तर?"

मला कुणाचं पडलेलं तोंड सोसत नाही. मी खेकसले, "नाही जमलं तर खुर्चीत बसून भेटा! त्यात काय एवढं?"

अण्णांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "कोन्त्या खुर्चीत?"

मग मी कुठली थांबतेय? आम्ही दोघं इतके हसलो की मांडवाची माणसं आत डोकावायला लागली. पण हसून झाल्यावर त्यांचे डोळे भरलेलेच होते, आणि मला तेव्हा कळलं की हा माणूस मनापासून घाबरलाय.

फोड सुकला. कसाबसा, लग्नाच्या तोंडावर. ताईनं पाय घालायची परवानगी दिली, पण घोड्याशिवाय उभं राहायचं नाही असं बजावून. अण्णांनी मान डोलावली.

लग्न दारातच, घरासमोरच्या मोकळ्या जागेत. अण्णांच्या अंगावर नवं धोतर, डोक्यावर फेटा, आणि धोतराखाली ते घरातले बूट, मांडव म्हणजे घरच असं म्हणून काकूंनी बाहेर सोडलेले. मांडवात त्यांच्यासाठी उंच खुर्ची ठेवलेली, पुढ्यात घोडं, त्यावर त्या दिवशी फुलांची माळ. परतूरचं वऱ्हाड आलं. वाजंत्री थांबली. भटजींनी पुकारलं, "व्याहीभेट!"

आता मधल्या मधे काय झालं होतं, तर त्याच मामांनी, ज्यांनी खुर्ची पुढं ओढली होती, बाबारावांना बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, "आमच्या भाऊजीला उभं राहता येत न्हाई. तुमी बसूनच भेटा, म्हंजे त्याह्यला कमीपना वाटनार न्हाई." चांगल्या मनानंच सांगितलं हो. आणि बाबारावही चांगल्या मनाचे. त्यांनी नवरा-नवरीसाठी आणलेला लाल मखमली सोफा ओढायला लावला आणि अण्णांच्या समोर धपकन त्यात बसले. तो सोफा इतका मऊ आणि इतका खोल की बाबारावांचे गुडघे त्यांच्या छातीला लागले.

अण्णांना यातलं काही माहीत नव्हतं. ते कडेला सरकले. पाय मागं घेतला. हात दाबले. काकू हात जोडून उभ्या, ओठ हलताहेत. अण्णांनी नाक पुढं केलं, आणि उठले. सरळ, ताठ, फेट्यासकट. पोरांनी शिट्ट्या मारल्या. शीतल नवरीच्या साजात आतून धावत आली आणि दारातच ढसाढसा रडायला लागली.

अण्णांनी समोर बघितलं. समोर कुणी नाही. मग खाली बघितलं.

"अरे, हे काय पाव्हनं? तुमी कामून बसले?"

"अहो तुमच्यासाठीच!" बाबाराव गडबडले. "मला सांगितलं की... थांबा, थांबा, उठतो." आणि त्यांनी उठायला जोर केला. सोफ्यानं सोडलं नाही. पुन्हा जोर केला. फेटा डोळ्यावर आला. दोघं पाहुणे धरायला धावले, त्यांना त्यांनी हातानं झिडकारलं, कारण व्याहीभेटीला दुसऱ्यानं उचलून उभं केलेला बाप कसा दिसेल? त्यांचा तो मोठा चेहरा एकदम केविलवाणा झाला. हळूच म्हणाले, "अण्णा, गुडघे गेलेत हो माझे. कोनाला सांगितलं न्हाई."

मला वाटलं अण्णा आता घोडं सरकवत जवळ जातील. तसं नाही केलं. त्यांनी घोड्यावरचे दोन्ही हात काढले आणि घोडं बाबारावांच्या पुढ्यात ढकललं. जालन्याच्या ताईनं बघितलं असतं तर जागेवर चक्कर येऊन पडली असती. अण्णा काहीही न धरता, नुसते उभे.

"आधी कडंला सरका," ते म्हणाले. "जल्दी करू नका. घोडं वढू नका, अंगावर यील. हात सोफ्याला दाबा. बराबर. आता नाक फुडं."

"काय?"

"नाक!" सगळं हसनाबाद एका आवाजात ओरडलं. "नाक फुडं!"

परतूरकरांना वाटलं असेल कुठल्या वेड्यांच्या गावात सोयरीक केली. पण बाबारावांनी नाक पुढं घेतलं, आणि तो एवढा देह डुलत डुलत वर आला. मग घोडं धरून उभे राहिले, धापा टाकत, डोळ्यात पाणी. अण्णांनी एक पाऊल पुढं टाकलं. घोडं मधून बाजूला केलं. गळाभेट झाली ती काही सुटेचना, शेवटी काकूच ओरडल्या, "सोडा आता! दोघंबी पडताल आन लग्न ऱ्हाईल बाजूला!"

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बदली झाली. अण्णा गेल्याचं मला पुढं काकूंनी फोनवर सांगितलं. पण त्यांना मी शेवटचं बघितलं ते हसनाबाद सोडलं त्या सकाळी. शीतल माहेरी आलेली, तिला पोचवायला बाबाराव स्वतः आलेले. माझं सामान टेम्पोत चढलं होतं. मी पिशवी घेऊन वसरीत आले. खाटेवर दोघं व्याही शेजारी शेजारी बसलेले. मी सवयीनं थांबले, अण्णा उठतील म्हणून. बाबाराव बिचारे उठायच्या खटपटीला लागले, तर अण्णांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवून त्यांना खाली दाबलं. माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, आज मी उठत न्हाई बरं का. राग मानू नका. उठता येतं म्हून बसलोय."

मी म्हटलं, "बसा, अण्णा. निवांत बसा." आणखी काही बोलायचं होतं, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी जाऊन पुढं बसले. वळणावर मागं बघितलं, तर दोघं बशीत ओतलेला चहा फुंकत होते, आणि अण्णा खरंच उठले नव्हते.